मोर्चा दिसतो, मागणी दिसत नाही: व्हिक्टोरियन वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या कशा वाचाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी व्हिक्टोरियन काळातल्या कामगार आंदोलनांचं वर्तमानपत्रांतलं आणि कादंबऱ्यांतलं चित्रण घ्यायचं आहे. एलिझाबेथ गॅस्केल यांची 'मेरी बार्टन' आणि चार्ल्स डिकन्स यांची 'हार्ड टाइम्स' या कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत, 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक आणि 'पंच' हे विनोदी साप्ताहिक यांची काही पानं चाळली आहेत. "वर्तमानपत्रं कामगारांच्या विरोधात होती आणि कादंबरीकार सहानुभूतीने लिहीत होते" हे गृहीतक चालेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

गृहीतक तसंच्या तसं ठेवू नका. त्याच्या दोन्ही अर्ध्यांत गडबड आहे. 'वर्तमानपत्रं' नावाचा एकच पक्ष त्या काळात नव्हता. 'द टाइम्स' जितकं वर्तमानपत्र होतं तितकंच लीड्समधून निघणारं, कामगारांसाठी मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचं 'नॉर्दर्न स्टार'ही होतं, आणि १८३९ साली त्याचा आठवड्याचा खप सरासरी ३६ हजारांच्या आसपास होता. दुसरी गडबड जास्त खोल आहे. सहानुभूती म्हणजे विरोधाचं उलटं टोक, असं तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात कामगाराची भूक दाखवून वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणारा लेखक त्याच कामगाराची राजकीय मागणी पानावर येऊच देत नाही, हे या कादंबऱ्यांत वारंवार घडतं. म्हणून एखादं चित्रण बाजूचं की विरोधी हे ठरवायच्या आधी एक साधी गोष्ट शोधा. आंदोलकांनी नेमकं काय मागितलं होतं, आणि समोरच्या मजकुरात ती मागणी छापली आहे, बदलली आहे की गाळली आहे? माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे, आणि खाली जे काही सांगतो आहे ते या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी मर्यादा ठरवा. व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. वेल्समधल्या न्यूपोर्टचा चार्टिस्टांचा १८३९चा उठाव, मताधिकाराच्या सभेच्या वेळी लंडनच्या हाइड पार्कचे कठडे कोसळले तो १८६६चा जुलै आणि लंडनच्या गोदी कामगारांचा १८८९चा संप, हे तिन्ही एका प्रबंधिकेत कोंबले तर तुलना हाताबाहेर जाते. मधल्या काळात वर्तमानपत्रांवरचे कर उठले, तारायंत्र आलं, १८६७च्या कायद्याने शहरातल्या बऱ्याच कामगारांना मत मिळालं. त्यामुळे १८३८ ते १८५४ हा पट्टा घ्या असं सुचवेन. चार्टिस्ट चळवळ आणि तुम्ही वाचलेल्या दोन्ही कादंबऱ्या त्यात बसतात. किती खोलात जाता येईल हे तुमच्या विद्यापीठाकडे ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हची वर्गणी आहे का यावर अवलंबून आहे. नसेल तरी काम अडत नाही. 'नॉर्दर्न स्टार'चे अंक एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांच्या डिजिटल आवृत्तीत मोफत वाचता येतात, ब्रिटिश संसदेतल्या चर्चांचा छापील वृत्तांत, म्हणजे हॅन्सर्ड, मोफत आहे, वेल्समधली वर्तमानपत्रं वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खुली केली आहेत, आणि 'पंच'चे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात.

आता मागणी. मे १८३८मध्ये छापल्या गेलेल्या 'पीपल्स चार्टर'मध्ये, म्हणजे लोकांच्या सनदेत, सहा कलमं होती: प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारकीसाठी मालमत्तेची अट रद्द, खासदारांना वेतन, सारख्या आकाराचे मतदारसंघ आणि दरवर्षी नवी संसद. यात कुठेही भाकरी नाही, मजुरीचा दर नाही, यंत्रं मोडणं नाही. मंदी होती, उपासमार होती. पण चार्टिस्टांचं म्हणणं असं होतं की उपासमार कायद्यांमुळे आहे, आणि कायदे होतात त्या सभागृहात आपलं कोणी नाही. या मागण्यांचा अर्ज तीनदा संसदेत गेला. १८३९ साली सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा अर्ज विचारात घ्यायलाही २३५ विरुद्ध ४६ मतांनी नकार मिळाला. १८४२ साली ३३ लाखांवर सह्या होत्या, नकार २८७ विरुद्ध ४९. तिसरा अर्ज १८४८चा, त्याकडे पुढे येतो. ही सहा कलमं एका कागदावर लिहून शेजारी ठेवा आणि प्रत्येक बातमी, अग्रलेख आणि कादंबरीचं प्रकरण वाचताना यातली किती कलमं दिसली याची खूण करा. पन्नास बातम्या अशा तपासल्यात की तुमच्या हातात मत नव्हे, पुरावा येतो.

वर्तमानपत्राकडे वळताना मजकुराआधी किंमत बघा. १८३६पर्यंत प्रत्येक प्रतीवर चार पेन्यांचा मुद्रांक कर होता. तो बुडवून 'पुअर मॅन्स गार्डियन'सारखी पत्रं निघत आणि विकणारे तुरुंगात जात. १८३६मध्ये कर एक पेनीवर आला, आणि १८५५मध्ये उठला. जाहिरातींवरचा कर १८५३मध्ये गेला, कागदावरचा १८६१मध्ये. 'नॉर्दर्न स्टार' साडेचार पेन्यांना मिळायचं. ही किंमत गिरणी कामगाराला जड होती. म्हणून अंक वर्गणी काढून घेतला जायचा आणि गुत्त्यात, कारखान्यात, घरी मोठ्याने वाचला जायचा. याचा अर्थ खप आणि वाचक यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. एका प्रतीचे दहा वाचक की वीस, यावर भांडण आहे. प्रबंधिकेत आकडा ठोकू नका, नुसता खप द्या आणि सामूहिक वाचनाचा उल्लेख करा. दुसरी खबरदारी: १८५५पर्यंतचे खपाचे आकडे मुद्रांकांच्या सरकारी नोंदींवरून येतात, त्यानंतरचे बहुतेक मालकांच्या दाव्यांवरून. दोन्ही एका तक्त्यात घालू नयेत.

आता एक प्रसंग जवळून बघू, कारण पद्धत अशी सांगून कळत नाही. सोमवार, १० एप्रिल १८४८. लंडनच्या दक्षिणेला केनिंग्टन कॉमन मैदानावर चार्टिस्टांची सभा. तिथून मिरवणुकीने तिसरा अर्ज संसदेत न्यायचा बेत. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला होता, त्यामुळे लंडनमध्ये धास्ती होती. सैन्याची व्यवस्था ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे, हजारोंच्या संख्येने खास कॉन्स्टेबल नेमलेले, राणीला आइल ऑफ वाइटला हलवलेलं. पोलिसांनी मिरवणुकीला पूल ओलांडू देणार नाही असं बजावलं. चार्टिस्ट नेते आणि खासदार फीअर्गस ओ'कॉनर यांनी सभा शांतपणे विसर्जित केली आणि अर्ज तीन भाड्याच्या घोडागाड्यांतून संसदेत गेला.

गर्दीचा आकडा बघा. पंतप्रधान रसेल यांनी राणीला कळवलं की बारा ते पंधरा हजार लोक होते. चार्टिस्टांकडचे दावे लाखांत होते. दोन्ही आकडे कोणाच्या तरी कामाचे होते, म्हणून सरासरी काढणं ही इथली सगळ्यात वाईट चूक. दोन खोट्यांची सरासरी खरी होत नाही. आकडा कोणी दिला, कोणाला दिला आणि कशासाठी दिला, एवढं लिहा. विल्यम किलबर्नने त्या दिवशी मैदानाचे डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची सुरुवातीच्या काळातली छायाचित्रं, काढले होते. ते आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. टोप्या घातलेल्या माणसांच्या दाट रांगा, मध्ये गाड्या आणि झेंडे, मागे कारखान्याचं धुराडं. वर्तमानपत्रांतलं वर्णन वाचून मग हे छायाचित्र बघितलं की 'झुंड' हा शब्द किती काम करत होता ते दिसतं.

खरा मजकूर मात्र तीन दिवसांनंतरचा आहे. १३ एप्रिलला सार्वजनिक अर्जांच्या समितीचे अध्यक्ष थॉर्नली यांनी सभागृहात निवेदन केलं. ते हॅन्सर्डमध्ये आहे, दोन-तीन पानांचं आहे, आणि तुम्ही शब्दन् शब्द वाचलंच पाहिजे. ओ'कॉनर यांनी ५७ लाख सह्या आहेत असं सांगितलं होतं. समितीच्या मोजणीत १९ लाख ७५ हजार ४९६ भरल्या. त्यांनी वजन पाच टन सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते पावणेसहा हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे २९२ किलो भरलं. सह्यांत राणी व्हिक्टोरिया, वेलिंग्टन, पील अशी नावं होती, आणि 'पगनोज', 'फ्लॅटनोज' अशी थट्टेची नावंही. हे वर्तमानपत्रांनी उचललं आणि पुढची अनेक दशकं चार्टिझम म्हटलं की नकट्या नाकांच्या सह्या एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. सहापैकी एकही कलम या चर्चेत उरलं नाही. मागणी नाकारायची गरजच पडली नाही. सह्या हसण्यावारी गेल्या आणि त्यांच्याबरोबर मागणीही गेली.

आता त्याच निवेदनातले बाकीचे आकडे घ्या. मोजणीला तेरा कारकून होते आणि सतरा तासांहून अधिक वेळ लागला, असं तिथेच म्हटलं आहे. तेरा गुणिले सतरा म्हणजे २२१ माणसी तास. १९,७५,४९६ भागिले २२१ केलं की तासाला सुमारे ८,९४० सह्या, मिनिटाला १४९. म्हणजे प्रत्येक कारकुनाने न थांबता दर सेकंदाला जवळजवळ अडीच सह्या वाचल्या, आणि वर त्यातल्या खोट्या आणि बायकांच्या वेगळ्याही काढल्या. सभागृहाच्या समित्यांचे कारकून देखरेखीला होते. तेही मोजत होते असं धरून माणसं दुप्पट केली, तरी मिनिटाला पंचाहत्तरच्या आसपास येतात. हे होणारं काम नाही, आणि ओ'कॉनर यांनी सभागृहात उभं राहून हेच म्हटलं होतं. याने ५७ लाखांचा दावा खरा ठरत नाही. पण '१९ लाख ७५ हजार ४९६' या शेवटच्या अंकापर्यंत नेमक्या आकड्याचा अधिकार कुठून आला, हा प्रश्न उभा राहतो. छापील नेमकेपणा हेही चित्रणच असतं, हे वाक्य तुमच्या पहिल्या प्रकरणात असायला हवं.

आणि एक रत्न त्यातच दडलं आहे. समितीने अर्जाची किंमत कमी करण्यासाठी सांगितलं की दर एक लाख नावांत ८,२०० बायकांची आहेत. म्हणजे या सह्या मोजायच्याही लायकीच्या नाहीत, असा सूर. आज आपल्यासाठी हा आकडा सोन्यासारखा आहे. समितीचीच मोजणी धरली तर सुमारे १ लाख ६२ हजार बायकांनी अशा सनदेवर सही केली होती जिच्यात त्यांना स्वतःला मत मिळणार नव्हतं. हिणवण्यासाठी छापलेल्या तपशिलातून चळवळीचा इतिहास मिळतो तो असा. विरोधी मजकूर बाजूला टाकू नका, तो उलटा करून वाचा.

याच वर्षीचा दुसरा धागा विल्यम कफे यांचा. चॅथममध्ये जन्मलेले, कृष्णवर्णीय शिंपी, लंडनच्या चार्टिस्टांचे पुढारी. 'द टाइम्स'ने लंडनच्या चार्टिस्टांना 'काळा माणूस आणि त्याची टोळी' अशा अर्थाचं नाव दिलं, 'पंच'ने त्यांची टर उडवली. त्याच उन्हाळ्यात त्यांना अटक झाली, जन्मठेपेची शिक्षा होऊन टास्मानियाला पाठवलं गेलं. माफी मिळाल्यावरही ते तिथेच राहिले आणि १८७० साली तिथेच वारले. एका माणसाच्या रंगावर, पेशावर, उंचीवर बोलत राहिलं की त्याच्या ठरावावर बोलावं लागत नाही. 'पंच'मधलं प्रत्येक व्यंगचित्र याच चाळणीतून घाला: चित्रात शरीर किती आहे आणि कागद, फलक, ठराव किती आहेत?

चित्रांबद्दल अजून एक. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' १४ मे १८४२ रोजी सुरू झालं आणि तीनच महिन्यांत लँकेशायरमध्ये मोठा संप पेटला. या संपाला 'प्लग रायट्स' असं नाव पडलं, कारण कामगार गिरणीत शिरून बाष्पकाचा प्लग, म्हणजे बूच, काढत. पाणी वाहून जायचं, वाफ बसायची, इंजिन थांबायचं. यंत्राला इजा न करता गिरणी बंद पाडण्याचा हा नेमका उपाय होता. बूच परत बसवलं की गिरणी चालू. 'रायट' हा शब्द ते दिसूच देत नाही. ऑगस्टच्या मध्यावर मँचेस्टरमध्ये जमलेल्या कामगार प्रतिनिधींनी सनद कायदा होईपर्यंत काम बंद ठेवायचा ठराव केला, म्हणजे संप मजुरीवरून मतावर आला. १३ ऑगस्टला प्रेस्टनच्या ल्यून स्ट्रीटवर सैनिकांनी गोळीबार केला, चौघे मेले. पुढच्या शनिवारच्या अंकातल्या चित्राखालची ओळ 'सैन्यावर हल्ला' अशी सुरू होते आणि 'दोन दंगेखोरांना गोळ्या' अशी संपते. कर्ता कोण, कर्म कोण आणि आधी काय छापलं, हे व्याकरण तपासा. चित्रं लाकडी ठशांवर कोरली जायची, अनेकदा कोणाच्या तरी कच्च्या रेखाटनावरून किंवा नुसत्या वर्णनावरून, त्यामुळे चित्रातले चेहरे पुरावा म्हणून वापरू नका. ओळ वापरा, मांडणी वापरा.

इथवर सांगितलं ते एका वाक्यात: वर्तमानपत्रात मागणीच्या जागी आकडा, शरीर किंवा 'दंगा' हा शब्द येतो. कादंबरीत तिच्या जागी दुसरं काहीतरी येतं.

'मेरी बार्टन' ऑक्टोबर १८४८मध्ये आली, केनिंग्टननंतर सहा महिन्यांनी, पण गोष्ट घडते ती १८३९ ते ४२च्या सुमाराला. वाचकाच्या डोळ्यांसमोर एप्रिल १८४८ आहे आणि पानावर १८३९, हे अंतर लक्षात ठेवा. आता मेरीचा बाप, गिरणी कामगार जॉन बार्टन, अर्ज घेऊन लंडनला जातो ते आठवं प्रकरण उघडा. एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलंय की १८३९च्या वसंतात हजारोंनी सह्या करून एक अर्ज तयार केला, गिरण्यांच्या प्रदेशातल्या असह्य हलाखीबद्दल साक्षी ऐकून घ्या अशी संसदेला विनवणी करणारा. थांबा आणि खऱ्या अर्जाशी ताडून बघा. खऱ्या अर्जात प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, दरवर्षी संसद, मालमत्तेची अट रद्द आणि खासदारांना वेतन मागितलं होतं. कादंबरीत मताचा अर्ज हलाखीची साक्ष होऊन जातो. शेजारीपाजारी बार्टनला निरोप देतात, कोणी यंत्रांबद्दल, कोणी कामाच्या तासांबद्दल. सनदेचं कलम त्यांच्या तोंडी येत नाही. परत आल्यावर बार्टन रस्त्यात श्रीमंतांच्या गाड्या जाऊ देण्यासाठी आपल्याला कसं थोपवलं आणि पोलिसाने कसा दंडुका मारला ते सांगतो, पण संसदेत काय झालं ते सांगायला नकार देतो. ही जागा गॅस्केल यांचं कौशल्य म्हणूनही वाचता येते, कारण अपमान इतका मोठा आहे की तो शब्दांत येत नाही. पण परिणाम असा की सभागृहाचा दरवाजा वाचकासाठीही बंद राहतो.

गॅस्केल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्याच पुस्तकातलं सोळावं प्रकरणही जवळून बघा, कारण चित्रणाची ताकद त्यांना किती कळली होती ते तिथे दिसतं. कामगारांचं शिष्टमंडळ मालकांपुढे उभं आहे. तरुण हॅरी कार्सन त्या फाटक्या, उपाशी माणसांचं व्यंगचित्र काढतो, मालकांत फिरवतो आणि शेकोटीकडे भिरकावतो. ते जळत नाही. एक कामगार नंतर येऊन ते उचलतो. रात्री कामगार जमतात, आणि मालकाला कोणी मारायचं याच्या चिठ्ठ्या टाकायला जो कागद फाडतात तो तोच व्यंगचित्राचा कागद असतो. १८४८ सालच्या वाचकाला 'पंच' माहीत होतं. थट्टेचं चित्र थेट खुनाच्या चिठ्ठीत बदलतं हे दाखवणारी लेखिका वर्तमानपत्री चित्रणावर भाष्यच करते आहे. म्हणून 'सहानुभूती' हा शब्द पुरा पडत नाही: तिने थट्टेची हिंसा ओळखली, आणि तरीही मताची मागणी भुकेत विरघळू दिली. दोन्ही गोष्टी लिहा.

डिझरेली यांची 'सिबिल' (१८४५) तुमच्या यादीत नाही, ती घ्या. चार्टिस्ट कागदपत्रं त्यांनी खरोखर वाचली होती. ओ'कॉनर यांचा पत्रव्यवहार खासदार डन्कोम यांच्यामार्फत पाहायला मिळाला असं त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं. प्रतिनिधी खासदारांच्या घरोघरी जाऊन पाठिंबा मागतात ती दृश्यं त्यामुळेच जिवंत आहेत. पण शेवट बघा. १८४२चा बूच काढण्याचा संप येतो तो 'बिशप' म्हणवणाऱ्या दारुड्या माणसाच्या टोळीच्या रूपात, किल्ला जळतो, आणि त्या गोंधळात जमिनीचे जुने कागद सापडून सिबिल मोठ्या जहागिरीची वारस ठरते. मताचा प्रश्न वारसाहक्काने सुटतो. चार्ल्स किंग्जली यांच्या 'ऑल्टन लॉक'मध्ये (१८५०) '१० एप्रिल' नावाचं प्रकरणच आहे. शिंपी-कवी नायक चळवळीतून धर्माकडे वळतो आणि परदेशी जाताना जहाजावर मरतो. शार्लट ब्राँटी यांच्या 'शर्ली'मध्ये (१८४९) ल्युडाइटांचा, म्हणजे यंत्रं मोडणाऱ्या कामगारांचा, गिरणीवरचा हल्ला आहे. त्यासाठी ब्राँटी यांनी 'लीड्स मर्क्युरी'च्या १८१२ ते १४च्या फायली मागवल्या होत्या. हल्ला आपण दोन तरुणींच्या बरोबर लांबून, रात्री, मुख्यतः आवाजांवरून अनुभवतो. कॅमेरा कुठे ठेवला आहे हा प्रश्न चित्रपटापुरता नाही.

'हार्ड टाइम्स'साठी एक जोडी वाचायलाच हवी. प्रेस्टनच्या गिरण्यांत १८५३च्या शरदापासून टाळेबंदी होती, मागणी दहा टक्के मजुरी परत द्या ही. डिकन्स जानेवारी १८५४च्या शेवटी तिथे गेले आणि ११ फेब्रुवारीच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स'मध्ये 'ऑन स्ट्राइक' हा लेख लिहिला. त्यात सभा शिस्तीची आहे, प्रतिनिधी हिशेब मांडतात, आणि ग्रफशॉ नावाचा बडबड्या वक्ता उसळतो तेव्हा अध्यक्ष त्याला नियमात बसवून थांबवतो. १ एप्रिलपासून त्याच साप्ताहिकात 'हार्ड टाइम्स' क्रमशः सुरू झाली. तिथे तोच वक्ता स्लॅकब्रिज होतो, पण त्याला आवरणारा अध्यक्ष प्रभावहीन आहे आणि सभा त्याच्या मागे जाते. संघटनेत यायला नकार देणारा कामगार स्टीफन ब्लॅकपूल एकटा पडतो. कादंबरीत संप नाही, दहा टक्केही नाहीत. म्हणजे एकाच लेखकाने, एकाच साप्ताहिकात, दोन महिन्यांच्या अंतराने, पाहिलेली शिस्त गाळली. कारण शोधताना डिकन्स यांचं मत बदललं असं पटकन लिहू नका. क्रमशः कादंबरीला खलनायक आणि हुतात्मा लागतो, शिस्तबद्ध समितीने कथानक हलत नाही, हेही कारण तितकंच मोठं आहे. हे दोन मजकूर समोरासमोर ठेवलेत तर प्रबंधिकेचं एक पूर्ण प्रकरण होईल.

शोध घेताना नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. 'वर्किंग-क्लास प्रोटेस्ट' असं शोधलं तर काही मिळणार नाही, तो आपला शब्द आहे. त्यांचे शब्द: 'टर्न-आउट' (संप), 'ऑपरेटिव्ह्ज' (गिरणी कामगार), 'मॉन्स्टर मीटिंग' (प्रचंड सभा), 'टॉर्चलाइट मीटिंग' (मशालींच्या उजेडातली सभा), 'फिजिकल फोर्स' (बळाचा मार्ग), 'डेमागॉग' (लोकांना भडकवणारा पुढारी). स्कॅनमधून यंत्राने ओळखलेला मजकूर चुकांनी भरलेला असतो, म्हणून शोध रिकामा आला तर बातमी नाही असं समजू नका, त्या तारखेचा अंक उघडून डोळ्यांनी बघा. एकच बातमी वीस गावांच्या पत्रांत दिसली तर वीस साक्षी झाल्या असंही नाही. तेव्हा कात्री आणि खळ हीच संपादकाची मुख्य साधनं होती. बातमीतलं एखादं वेगळं वाक्य घेऊन शोधा, मूळ कुठून आलं ते कळतं. मग बदल बघा. कोणत्या गावाने भाषणं ठेवली आणि कोणत्या गावाने फक्त अटका ठेवल्या, तिथे खरी माहिती आहे. अग्रलेख आणि वार्तांकन वेगळं मोजा. विरोधी पत्रातही बातमीदाराने लघुलिपीत घेतलेलं भाषण पूर्ण छापलेलं असतं आणि वरचा अग्रलेख त्याच्याबद्दल काहीही म्हणत असतो.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की मुंबईची तुलना जोडावी का. एका परिशिष्टापुरती जोडा, कारण दुवा खरा आहे: १८८१च्या भारतीय कारखाना कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता, आणि १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवलं. मागण्या अशा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अपघातात भरपाई. इथे मत मागितलेलं नाही, म्हणून चार्टिझमचा साचा बसवू नका. पण तीच चाळणी लावा. लोखंडे यांच्या 'दीनबंधू'त या मागण्या कशा येतात आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांत त्यांच्या जागी काय येतं, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात फक्त १० ते १५ एप्रिल १८४८: हॅन्सर्डमधलं १३ तारखेचं निवेदन, 'नॉर्दर्न स्टार'चा १५ एप्रिलचा अंक आणि मिळेल ते एक विरोधी पत्र. प्रत्येकासाठी चार रकाने करा: गर्दीचा आकडा आणि तो कोणी दिला, आंदोलकांसाठी वापरलेले शब्द, छापलेल्या भाषणांच्या ओळी, सनदेची कलमं. दुसऱ्या आठवड्यात 'ऑन स्ट्राइक' आणि 'हार्ड टाइम्स'च्या दुसऱ्या भागातलं सभेचं प्रकरण याच रकान्यांत भरा. तिसऱ्या आठवड्यात थॉमस मार्टिन व्हीलर यांची 'सनशाइन अँड शॅडो' वाचा. ही कादंबरी १८४९-५० साली 'नॉर्दर्न स्टार'मध्येच क्रमशः आली, चळवळीत स्वतः काम केलेल्या माणसाने लिहिलेली. तिचं कथानक विस्कळीत आहे, मध्येच लांबलचक राजकीय चर्चा येतात, आणि समीक्षकांनी तिला बराच काळ बाजूला ठेवलं ते त्याचमुळे. पण इतर कादंबऱ्यांतून गळालेलं जे काही तुम्ही शोधत असाल ते त्या लांबलचक चर्चांतच सापडेल, म्हणून तीच पानं सगळ्यात सावकाश वाचा.